जमीन म्हणजे कांदे नव्हेत

"बाजारावर सोडा, तो बघून घेईल." 1991 नंतर आमच्या नात्यागोत्यात हे वाक्य आरतीसारखं म्हटलं जातं. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्यांना बाजाराचं कौतुक असणारच, मलाही आहे. पण हीच मंडळी वडाळ्याला फाइव्ह गार्डन्समध्ये सावलीत बसून घरांच्या किमतीवरही तोच उतारा सांगतात तेव्हा डोकं फिरतं.

अहो, ती बाग बाजाराने लावली का? 1896 साली प्लेग माजला तो उजेड-वारा नसलेल्या, खचाखच भरलेल्या भाड्याच्या चाळींत. त्या बाजारानेच बांधल्या होत्या. मग 1898 मध्ये सरकारला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढावा लागला. इथले रुंद रस्ते आणि बागा त्याने आखल्या.

आता गिरण्यांचं बघा. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला द्यायची होती. 2001 मध्ये ही वाटणी आवारातल्या मोकळ्या जागेपुरतीच उरली. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने मालकांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे बाजारवाल्यांना हवं तसंच झालं. जमीन सुटली, टॉवर उभे राहिले. घरं स्वस्त झाली? 2017-18 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी असल्याचं म्हटलंय. आकडा 2011 च्या जनगणनेचा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "भाडे कायद्याने वाट लावली." 1947 च्या कायद्याने भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली, हे खरंच. पण ते पागडीच्या जुन्या इमारतींचं झालं. नव्या टॉवरमधला फ्लॅट अकरा महिन्यांच्या लिव्ह-लायसन्सवर हव्या त्या भाड्याने द्यायला कोण अडवतंय? तरी कुलूपच. कारण तो फ्लॅट घर म्हणून घेतलेलाच नसतो, ते लॉकर असतं.

कांदा महागला तर लासलगावहून आणखी चार ट्रक येतात. मालक अडून बसला तर कांदा सडतो. वडाळ्याची जमीन ट्रकात घालून आणता येत नाही, आणि अडून बसलेल्याची किंमत वाढतच जाते. एवढं साधं आहे हे! ग्रीनस्पॅनसारख्या माणसाने 2008 मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर आपल्या विचारसरणीत खोट सापडल्याचं कबूल केलं. आमच्या मंडळींना अजून सापडायचीय.

असो. 1 मार्च 2020 ला म्हाडाने गिरणी कामगारांच्या 3,894 घरांची सोडत काढली, त्यातली बरीचशी इथल्याच स्प्रिंग मिलच्या जागेवरची. अर्ज लाखाच्या वर. ही घरंही त्या कापून छाटून उरलेल्या वाटणीतूनच आलीत. रिकाम्या फ्लॅटवर जबर कर लावा म्हटलं की "हा हस्तक्षेप झाला" म्हणणाऱ्यांनी त्या अर्जदारांना एकदा जाऊन सांगावं, बाजार बघून घेईल म्हणून.