भित्र्यांनीही गड्ड्याला जावे

ज्याला गर्दीची भीती वाटते त्याने गड्ड्याला जाऊ नये, हे शहाणपण आमच्या सोलापुरात दर संक्रांतीला ऐकू येते. सांगणारे दोन जातींचे असतात. एक म्हणतो, ‘‘घरी बसा, टीव्हीवर सगळं दिसतं.’’ दुसरा म्हणतो, ‘‘सिद्धरामाच्या दारात कसली हो भीती?’’ पहिल्याला भित्रा माणूस अडचण वाटतो, दुसऱ्याला तो भक्तीत कमी पडलेला वाटतो. दोघांचाही निकाल एकच : दोष भिणाऱ्याचा. या निकालाविरुद्ध माझे हे अपील आहे.

अपिलाचा हक्क मला आहे; कारण हे भय माझ्या ओळखीचे आहे. माणसे दाटली की माझ्या घशाला कोरड पडते, छाती धडधडू लागते, आणि आपण आता इथून बाहेर पडत नाही असे पक्के वाटते. पडणार हे बुद्धीला कळते; शरीर मात्र ऐकत नाही. बर्लिनच्या वेस्टफाल नावाच्या डॉक्टरने 1871 साली मोकळ्या चौकांना घाबरणाऱ्या काही रोग्यांची हकीकत लिहिली आणि त्या विकाराला ग्रीक भाषेतल्या बाजारचौकावरून नाव दिले. त्याचे रोगी रिकाम्या चौकाला भीत, मी भरलेल्याला भिते, जात एकच. तेव्हापासून डॉक्टर याला विकार म्हणतात. आपण अजून नखरे म्हणतो!

मग जायचे तरी कशाला? कारण ही यात्रा म्हणजे लग्न आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांशी लग्न करण्याचा हट्ट एका कुंभारकन्येने धरला आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. त्या लग्नाचा सोहळा आजही होतो. पहिल्या दिवशी मानाचे सात नंदीध्वज गावभरच्या 68 लिंगांना तैलाभिषेकासाठी निघतात, दुसऱ्या दिवशी तळ्याजवळच्या संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात, मग होम आणि पुढे शोभेचे दारूकाम. कानडी, तेलुगू, मराठी बोलणारे सारे गाव वऱ्हाडी असते. आता मला सांगा, घरच्या लग्नात एखादी काकू गर्दीला बिचकते म्हणून तिला कोणी ‘येऊ नकोस’ म्हणतो का? तिला पंख्याखालची, दाराजवळची खुर्ची देतो. घरच्या मांडवात जे साधे सौजन्य आहे, ते गावाच्या मांडवात कुठे हरवते?

परंपरेचा दाखला देऊन मला कोणी गप्प करू नये. परंपरा माझ्याच बाजूची आहे. बाराबंदी घातलेला मानकरी उंच नंदीध्वज कमरेशी तोलून चालतो, तेव्हा भोवतालची माणसे आपण होऊन मागे सरतात. एका काठीसाठी हजारो माणसे वाट मोकळी करू शकतात, तर घामाघूम झालेल्या एका आजीसाठी का नाही? आणि अक्षतांचे तर आणखी सुंदर आहे. त्या वधूवरांच्या डोक्यावर पडल्याच पाहिजेत असा हट्ट नाही. जो जिथे उभा असेल तिथून टाकतो आणि त्या पोचल्या असे मानतो. मागच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा मान त्या परंपरेनेच राखला आहे. रेटारेटी ही आपण मागाहून घातलेली भर आहे. इतर मिरवणुकांत छातीत दणके बसवणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात, तीही तशीच भर.

भित्र्याची भीती प्रमाणाबाहेर असते, हे मान्य. बसस्थानकावरच्या वीस माणसांतही माझा जीव घाबरा होतो. पण भीतीचा विषय खोटा नाही. 2005 च्या जानेवारीत वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक माणसे मेली. 2017 साली मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 23 गेली. अशा गर्दीत बहुतेक माणसे तुडवली जाऊन मरतात असे आपण समजतो. खरे तर पुष्कळजण उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन, श्वास न मिळाल्याने जातात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे झाली की पाऊल आपल्या मर्जीने पडत नाही. बायकांना गर्दीला भिण्याचे आणखी एक कारण असते. ते लिहून दाखवण्याची गरज नाही. भित्रा माणूस मागतो काय? दोन हात जागा, बाहेर पडायची वाट आणि ती वाट कुठे आहे याची आगाऊ खबर. हे तर धीट माणसालाही हवेच असते. फक्त त्याला ते वेळेवर सुचत नाही.

म्हणून आयोजकांना सांगणे एवढेच, की बाहेर जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवा आणि त्यांच्या पाट्या गावाच्या तिन्ही भाषांत लावा. सोबत्यांना सांगणे, की ‘काही होत नाही’ म्हणत कोणाला हाताला धरून गर्दीत ओढू नका. कडेला उभे राहा आणि तो म्हणेल तेव्हा कुरकुर न करता परत फिरा. आणि माझ्या भित्र्या बंधुभगिनींना सांगणे, की घरी बसल्याने हे भय कमी होत नाही, ते पोसले जाते. मानसोपचार करणारेही थोडे थोडे, पायरीपायरीने सामोरे जायलाच सांगतात. पहिल्या वर्षी सकाळी मोकळ्या वेळी होम मैदानावर एक चक्कर मारा. दुसऱ्या वर्षी एखाद्या रुंद रस्त्याच्या कडेने नंदीध्वज पाहा. अक्षतांना जाल तेव्हा शेवटच्या रांगेत, परतीच्या वाटेजवळ उभे राहा, आणि नकोसे झाले तर सरळ निघा. अर्ध्यातून निघालेला वऱ्हाडीसुद्धा वऱ्हाडीच असतो.

यात्रेला किती लाख लोक आले हे दरवर्षी अभिमानाने सांगितले जाते. भीतीपायी किती जण आले नाहीत, हे एकदा आपापल्या घरात मोजून पाहावे.