फॉरमॅट करण्याआधी डिस्क तपासा



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचे मोफत अपडेट थांबवले आणि घरोघरचे जुने कॉम्प्युटर पुन्हा चर्चेत आले. नवीन घ्यायचा की त्यातच दुसरी सिस्टिम टाकायची? दुसरा मार्ग धरला की कपाटातली इन्स्टॉलेशन डीव्हीडी बाहेर येते. ती ड्राइव्हमध्ये जाते आणि चाळीस टक्क्यांवर गाडी अडते. तोवर सी ड्राइव्ह फॉरमॅट झालेला असतो. आजोबांच्या पंच्याहत्तरीचे फोटो त्याच ड्राइव्हवर होते, हे मग आठवतं.

म्हणून आधी फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. कॉपी झाली असं वाटणं वेगळं आणि फोटो खरंच उघडणं वेगळं.

आता डिस्ककडे वळू. चालू कॉम्प्युटरमध्ये ती घालून आत काय दिसतं ते पाहा. बरेच फोल्डर दिसले तर ठीक. एकच मोठी आयएसओ फाइल दिसली तर डिस्क खराब नाही, बनवताना चूक झाली आहे. आयएसओ ही डिस्कची आख्खी प्रतिमा असते, ती नुसती कॉपी करून चालत नाही. विंडोज ७ पासून पुढे त्या फाइलवर राइट क्लिक केलं की ‘बर्न डिस्क इमेज’ मिळतं, ते वापरायचं. तिथे ‘व्हेरिफाय’ची खूण करायला विसरू नका. दहा मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.

फाइलच अर्धवट उतरली असेल तर डिस्क कितीही चांगली असून उपयोग नाही. डाउनलोडच्या पानावर बहुधा ‘एसएचए २५६’ नावाचा ६४ अक्षरांचा आकडा दिलेला असतो. सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर टाकलंत तर राइट क्लिकवर तुमच्या फाइलचा आकडा दिसतो. दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. एक अक्षर जरी वेगळं असेल तर फाइल पुन्हा उतरवा. आकारही बघा. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, विंडोज ११ ची फाइल त्याहून मोठी आहे. लिनक्स मिंट मात्र आरामात बसतं. (लिनक्सचा विषय निघालाच आहे तर आपल्या छत्तीसगढची एक गोष्ट: केडीई हा डेस्कटॉप छत्तीसगढी भाषेतही आणला गेला. ते काम ‘रवि रतलामी’ या नावाने लिहिणाऱ्या रविशंकर श्रीवास्तव यांनी केलं.)

फाइल बरोबर, डिस्क नीट बनवलेली, तरी अडतंय? मग कुठे अडतंय ते कागदावर लिहून ठेवा आणि पुन्हा सुरू करा. दर वेळी त्याच फाइलवर अडत असेल तर संशय डिस्कवर. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल तर डिस्क बहुधा निर्दोष असते. ड्राइव्हची लेन्स, केबल किंवा रॅम तपासायला हवी. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढून बघा. लिनक्स मिंटच्या सुरुवातीच्या मेनूत ‘इंटिग्रिटी चेक’ असतं, ते आधी चालवलंत तर फॉरमॅटपर्यंत जाण्यापूर्वीच उत्तर मिळतं.

ड्राइव्ह तपासायला कंपनीने छापलेली एखादी जुनी डिस्क घाला, गाण्यांची किंवा सिनेमाची चालेल. २०११ पर्यंत उबुंटूच्या सीडी टपालाने फुकट घरी येत, त्यातली एखादी असेल तर उत्तमच. छापलेली डिस्क वाचली जाते आणि घरी बर्न केलेली नाही, असं झालं तर ड्राइव्हला दोष देऊ नका. बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि ऊन-उष्णता त्याला सोसत नाही. रायपूरच्या मे महिन्यात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडलेल्या डिस्कचं काय होत असेल, कल्पना करा!

पुसायची असेल तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका. आडव्या ओरखड्यामुळे हरवलेली माहिती ड्राइव्ह हिशेब करून भरून काढतो, पण वाटेच्या दिशेने गेलेला गोल ओरखडा त्याला जड जातो. सीडीच्या नाव लिहायच्या बाजूलाही जपा, माहितीचा थर तिथेच लगेच खाली असतो.

स्क्रीनवरच्या संदेशांवर फार विश्वास ठेवू नका. मी इंग्रजीत बीए केलंय, तरी त्यातली काही वाक्यं मला कोड्यासारखी वाटतात. विंडोज ७ टाकताना ‘सीडी किंवा डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही’ असं येतं आणि लोक ड्रायव्हर शोधत बसतात. खरं कारण अनेकदा चुकीची बर्न झालेली डिस्क असते, किंवा पेन ड्राइव्ह निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये लावलेला असतो. तो काळ्या पोर्टमध्ये लावून बघा.

माझं मत विचाराल तर आता डिस्कच्या मागे फार लागू नये. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि रूफस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं, फक्त त्या पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा. जुना कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून सुरूच होत नसेल, तेव्हा डीव्हीडीला पर्याय नाही.

आणि फॉरमॅट आधीच होऊन गेला असेल, फोटो आत राहिले असतील, तर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून बघू नका. प्रत्येक प्रयत्नात जुन्या फोटोंच्या जागेवर नवीन काहीतरी लिहिलं जातं. कॉम्प्युटर बंद करा, हार्ड डिस्क काढून घ्या आणि डेटा परत मिळवून देणाऱ्याकडे ती तशीच न्या.