बोथट नाकाची गोळी कुणासाठी? हरणावर बंदी, रोह्याला परवानगी आणि हातात ठासणीची बंदूक

सोयाबीन हातभर वर आलं की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी फिरायला लागतात. एक म्हणजे रातोरात लोळवलेल्या वावरांचे फोटो. दुसरी म्हणजे परदेशातल्या शिकारीचे व्हिडिओ. रायफलवाला झाडाआड बसतो, एक गोळी सोडतो, हरीण जागेवर पडतं. मग खाली चर्चा सुरू होते, गोळी कोणती होती, टोकदार की बोथट, आपल्याकडे मिळते का, रोह्याला चालेल का.

प्रश्न चुकीचा नाही. रात्र-रात्र जागल करून पीक जातं तेव्हा माणूस उपाय शोधणारच. पण त्या व्हिडिओतली गोळी, तिथला कायदा आणि आपलं वावर यांचा मेळ बसतो का, हे नीट पाहायला हवं.

बोथट गोळी म्हणजे काय

आपण ज्याला सरसकट गोळी म्हणतो ते खरं तर काडतूस. त्यात पितळी नळकांडं, बुडाला टोपी, आत दारू आणि तोंडाला बसवलेली गोळी असते. उडते ती फक्त पुढची गोळी. तिचं टोक दोन प्रकारचं असतं. एक अणकुचीदार, दुसरं अंगठ्यासारखं गोल. गोल टोकाला बोथट नाकाची गोळी म्हणतात.

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला ही गोळी रुजली त्यामागे एक साधं कारण आहे. तिथे १८९४ मध्ये विंचेस्टर कंपनीची खटका खालीवर करून चालणारी रायफल आली आणि पुढच्याच वर्षी तिचं ३०-३० नावाचं काडतूस आलं. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. म्हणजे मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकतं. नाक अणकुचीदार असेल तर धक्क्याने टोपी फुटून काडतूस आतच उडायचा धोका. म्हणून नाक बोथट किंवा चपटं ठेवलं.

तिथलं शेपटीपांढरं हरीण दाट झाडीत राहतं. शिकार बहुतेक वेळा शंभर-सव्वाशे मीटरच्या आत होते. तेवढ्या अंतरात जड, बोथट गोळी चांगलं काम करते. पुढे मात्र हवा तिला अडवते, वेग लवकर कमी होतो आणि गोळी खाली बसते. लांबच्या माऱ्याला अणकुचीदार गोळी बरी. एवढाच फरक आहे, त्यात जादू काही नाही. बोथट गोळी झुडपातून सरळ पार जाते असं सांगतात, त्यावरही भरवसा ठेवू नये. फांदीला लागली की कुठलीही गोळी वळते.

नाकापेक्षा महत्त्वाचं आहे ते गोळीचं टोक मऊ आहे की पूर्ण धातूने मढवलेलं. मऊ टोकाचं शिसं अंगात गेल्यावर पसरतं, जनावर लवकर पडतं. पूर्ण मढवलेली गोळी आरपार निघून जाते. जनावर जखमी होऊन पळतं आणि गोळी पुढे कुणाला लागेल याचा नेम नाही. म्हणून शिकारीत मऊ टोकाचीच गोळी वापरतात.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही. तिथे शिकार म्हणजे मोकळं रान नाही. परवाना, ठराविक हंगाम, किती जनावरं मारायची याची मर्यादा, सगळं राज्य ठरवतं. १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. ती एक बांधून दिलेली व्यवस्था आहे.

आपल्याकडे ती गोळी आहे

बोथट नाकाची गोळी भारतात नाही असं नाही. आपल्याकडे नागरिकांना परवान्यावर मिळणारी ३१५ बोअरची रायफल बंगालच्या इशापूर कारखान्यात बनत आली आणि तिची काडतुसं पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. या काडतुसाची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम वजनाची, गोल नाकाची आणि मऊ टोकाची. वजन आणि टोक दोन्ही पाहता जवळच्या अंतरावर डुक्कर किंवा रोही पाडायला ती पुरेशी आहे.

मग अडतं कुठे? अडतं ते गोळीवर नाही. कायदा, परवाना आणि वावर या तीन ठिकाणी अडतं.

पहिला अडसर: कोणतं जनावर

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. चितळ, सांबर, काळवीट, चिंकारा यांची शिकार बंद. पीक खाल्लं म्हणून शेतकऱ्याला त्यांच्यावर गोळी झाडता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. काळविटासारखं अनुसूची एकमधलं जनावर असेल तर कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड.

सवलत आहे ती फक्त दोन जनावरांना. २०१५ मध्ये राज्य सरकारने पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुक्कर आणि रोह्याला मारायची परवानगी देण्याचा अधिकार वनक्षेत्रपालांना दिला. आधी अर्ज, मग परवानगी, मग गोळी, हा क्रम. उलटा केला तर शेतकरीच आरोपी. मेलेलं जनावरही शेतकऱ्याचं नाही, ते सरकारी मालमत्ता ठरतं. मटण वाटून घेतलं तर तो वेगळा गुन्हा.

इथे एक मोठी गफलत होऊ शकते. रोह्याचा नर राखाडी-निळसर, लांबूनही ओळखू येतो. मादी मात्र तपकिरी. रात्री बॅटरीच्या उजेडात फक्त डोळे चमकतात, तेव्हा रोह्याची मादी आणि सांबराची मादी यात फरक करणं जाणत्यालाही जड जातं. गोळी सुटल्यावर ओळख पटून उपयोग नाही.

दुसरा अडसर: हातातली बंदूक

परवानगी रोह्याची मिळाली, पण मारायचं कशाने? शस्त्र कायदा १९५९ चा आहे. पीक संरक्षणासाठी त्यात ठासणीची बंदूक सांगितली आहे. ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. रायफल हवी तर वेगळं आणि सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणजे ज्या बोथट गोळीची चर्चा ग्रुपवर चालते, ती ज्या रायफलीत बसते, ती रायफल पिकाच्या नावावर सहजी हाती येत नाही.

बारा बोअरमधून मोठे छर्रे तीस-चाळीस मीटरपर्यंत भरवशाचे. त्यापुढे ते पांगतात. मोठा रोही दोनशे किलोच्या पुढे जातो, कातडी जाड. लांबून छर्रा मारला तर तो मरत नाही, जखम घेऊन पळतो आणि चार दिवसांनी दुसऱ्याच्या उसात मरून पडतो. जखमी डुक्कर तर सरळ माणसावर येतं.

त्यात निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. आचारसंहिता कोणत्या हंगामात येईल ते डुकराला कळत नाही. पीक उभं आणि बंदूक ठाण्यात, असं होऊ शकतं.

तिसरा अडसर: सपाट वावर

हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा. रायफलची गोळी आडवी सुटली आणि मध्ये काही आलं नाही, तर ती दोन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. नाक बोथट असलं तरी. आपल्या वावराच्या मागे डोंगर नसतो. मागे दुसऱ्याचा धुरा असतो, त्याच्या मचाणावर त्याचा पोरगा जागल करत असतो, पलीकडे पांदण असते, वस्ती असते. कडक जमिनीवर किंवा दगडावर आपटून गोळी उसळते आणि भलतीकडे जाते.

म्हणून जाणकार शिकारी मचाणावरून, वरून खाली मारतो, गोळी चुकली तरी मातीत जावी म्हणून. जनावराच्या मागे काय आहे हे दिसत नसेल तर तो घोडा दाबत नाही. रात्री, घाईत, रागाच्या भरात हे भान राहत नाही. अंधारात हललेलं ते डुक्कर होतं की वाकून पाणी देणारा शेजारी, हे गोळीला कळत नाही.

वैतागातून निघणाऱ्या वाटा

कायदेशीर वाट इतकी अरुंद झाली की माणसं आडवाटेला जातात. कुणी कुंपणाच्या तारेत थेट लाईनचा करंट सोडतो, कुणी डुकरासाठी गावठी बॉम्ब ठेवतो. दोन्हीत जनावराइतकीच माणसं, बैल, कुत्री मरतात. करंट लावणारा बऱ्याचदा स्वतःच किंवा घरचंच माणूस गमावतो आणि वाचला तर मनुष्यवधाचा गुन्हा डोक्यावर. झटका मशीन ही वेगळी गोष्ट. ती बॅटरीवर क्षणभराचा झटका देते, जनावर घाबरून मागे फिरतं. झटका मशीन लावलं म्हणून तारेत लाईनचा करंट सोडायची मुभा मिळत नाही.

दुसरीकडे काय केलं

बिहारमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुकराला ठराविक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर केलं. पुढच्या वर्षी मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेवर रोही मारले. त्यावरून केंद्रातल्याच दोन मंत्र्यांमध्ये, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर वाद झाला. पण एक गोष्ट त्यातून दिसली. गोळी शेतकऱ्याने झाडली नाही, नेमलेल्या माणसाने झाडली.

केरळने २०२२ मध्ये रानडुकराबाबत अधिकार गावपातळीवर आणले. ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाला मानद वन्यजीव रक्षकाचा दर्जा देऊन परवाना असलेल्या बंदूकधाऱ्याकडून डुक्कर मारून घ्यायची मुभा दिली. मध्य प्रदेशात शाजापूर भागात २०२५ मध्ये एकही गोळी न झाडता, हेलिकॉप्टरने हाकत शेकडो काळवीट आणि काही रोही पकडून जंगलात नेऊन सोडले.

तीन राज्यं, तीन पद्धती. पण तिन्हीकडे जबाबदारी व्यवस्थेने घेतली. आपल्याकडे परवानगीचा कागद शेतकऱ्याच्या हातात आणि बाकी सगळं, बंदूक, नेम, धोका, कोर्टकचेरी, तेही त्याच्याच माथी.

आता काय करता येईल

नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढावेत, ठिकाण आणि तारीख दिसेल असे. वन विभागाकडे भरपाईचा अर्ज लगेच द्यावा, पोच घ्यावी, पंचनाम्याला स्वतः हजर राहावं. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांमुळे झालेलं नुकसान पीक विम्यात जादा संरक्षण म्हणून येणार आहे. त्यासाठी ७२ तासांत पीक विमा ॲपवर ठिकाणासह फोटो टाकून कळवावं लागेल. कोणती जनावरं आणि कोणते भाग हे राज्याने ठरवायचं आहे. रोही आणि डुक्कर त्या यादीत यावेत, आपला तालुका त्यात यावा, हा ठराव ग्रामसभेने आताच करायला हरकत नाही.

दुसरा ठराव बंदुकीचा. प्रत्येक वनपरिक्षेत्रात परवानाधारक, तपासलेल्या, सरावाच्या नेमबाजांची यादी असावी. अर्ज आला की वनरक्षकासोबत तो नेमबाज यावा, योग्य बंदूक आणि मऊ टोकाची गोळी त्याने आणावी, मचाण कुठे बांधायचं ते त्याने ठरवावं, मेलेल्या जनावराची विल्हेवाट विभागाने लावावी. आचारसंहितेच्या काळातही या यादीतल्या बंदुकांचा विचार वेगळा व्हावा.

बोथट नाकाची गोळी चांगली की टोकदार, हा प्रश्न झाडणाऱ्याचा आहे. शेतकऱ्याने विचारायचा प्रश्न तो नाही. झाडणारा कोण, तो कधी येणार आणि गोळी चुकली तर जबाबदार कोण, हे त्याने विचारायचं आहे. ग्रुपवर नाही, ग्रामसभेत आणि वन विभागाच्या दारात.