भावा, तुझ्या लाईटनं मला काय बी दिसंना!

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा आहे त्यांना लवकर येईल. मोटरसायकलच्या हॅलोजन हेडलाईटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब कोंबणं ही सुधारणा नाही. अपग्रेड तर नाहीच नाही. आपल्याला थोडं जास्त दिसल्यासारखं वाटावं म्हणून समोरून येणाऱ्या प्रत्येकाला दोन-तीन सेकंद आंधळं करायची ती सोय आहे. आणि यात आपण शिकलेसवरलेले, दहा रिव्ह्यू वाचून ऑनलाईन खरेदी करणारे लोक अजिबात मागे नाही.

मी मूळचा कोडोलीचा. पन्हाळा तालुक्यातलं, वारणानगरला चिकटलेलं मोठं गाव. नोकरी पुण्यात, पण महिन्यातले दोन शनिवार-रविवार गावीच जातात. हायवे सोडून वाठारला आत वळलं की कोडोलीपर्यंतचा रस्ता म्हणजे लाईटची प्रयोगशाळा आहे. दोन्ही बाजूंना ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या, त्यातल्या कित्येकांना मागे साधा रिफ्लेक्टर नाही. पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेले लोक. चैत्र यात्रेला जोतिबाला चालत जाणारे भाविक. अशा रस्त्यावर समोरून एक पांढराफटक गोळा येतो आणि तुमच्यापुढचं सगळं पुसून टाकतो. ट्रॉली, बैल, माणूस, खड्डा, सगळं.

आता साधं गणित करू. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. डोळे दोन सेकंद दिपले तर तुम्ही ३३ मीटर रस्ता न बघता कापता. दोन ट्रॉल्यांसकट उसाचा ट्रॅक्टर त्यात आरामात मावतो.

"अरे पण एलईडी म्हणजे नवीन टेक्नॉलॉजी, हॅलोजन जुनी. तू स्वतः आयटीवाला असून टेक्नॉलॉजीला विरोध?" असं मला एका मित्राने ऐकवलं. माझा एलईडीला काडीचाही विरोध नाही. निळ्या एलईडीसाठी २०१४ साली तिघा शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं, ते उगाच नाही. कंपनीनेच एलईडी हेडलाईट दिलेल्या गाड्यांनाही माझा विरोध नाही, कारण तिथे रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्या चिपसाठीच डिझाईन केलेली असते. विरोध आहे तो हॅलोजनसाठी बनवलेल्या डोममध्ये दुसराच दिवा बसवण्याला.

हेडलाईट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्ब, रिफ्लेक्टर आणि काच मिळून एक यंत्र असतं. आपल्या बहुतेक साध्या बाइकना एचएस१ बल्ब असतो, ३५/३५ वॅटचा. बुलेटसारख्या मोठ्या गाड्यांना एच४, ६०/५५ वॅटचा. दोन्हींत दोन फिलामेंट असतात. अप्परची फिलामेंट रिफ्लेक्टरच्या बरोबर फोकसवर. डिपरची थोडी पुढे, आणि तिच्या खाली पत्र्याची एक छोटीशी वाटी. या वाटीमुळे डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर जातो. म्हणून डिपर मारल्यावर समोरच्याच्या डोळ्यात उजेड जात नाही. सगळी करामत त्या वाटीची आणि फिलामेंटच्या जागेची. इकडे मिलीमीटरचा फरक पडला की तिकडे रस्त्यावर मीटरचा पडतो.

बाजारातल्या एलईडी बल्बमध्ये काय असतं? मधे एक पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या चिप. फिलामेंट सगळीकडे उजेड फेकते, या चिप दोन बाजूंना फेकतात. शिवाय त्या फिलामेंटच्या नेमक्या जागी असतील याची खात्री कुणी दिलेली नसते. वाटीची नक्कल केलेली असते, पण ती नक्कलच. परिणाम असा, की खाली जायचा उजेड वर, डावीकडे, उजवीकडे, झाडाच्या शेंड्यावर, सगळीकडे फेकला जातो. आणि आपले साहेब खूश, कारण झाडाचा शेंडासुद्धा दिसतोय!

"पण सॉकेटमध्ये तर बरोब्बर बसतो की!" बसणारच. आपल्या धंद्यातल्या लोकांना तरी हे समजावून सांगायची वेळ येऊ नये. कोड कंपाइल झाला म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतो का? सॉकेट म्हणजे फक्त फंक्शनची सिग्नेचर. आतून उत्तर काय परत यायला हवं, याचाही एक करार असतो. एलईडी बल्ब सिग्नेचर पाळतो आणि करार मोडतो. आणि त्याचं टेस्टिंग आपण थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर करतो.

आता खोक्यावरचे आकडे बघा. "२०० वॅट, २०,००० लुमेन". १२ व्होल्टवर २०० वॅट म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर. साध्या बाइकच्या अख्ख्या गाडीचा मेन फ्यूज १०-१५ अँपिअरच्या आसपास असतो. म्हणजे खोका खरं बोलत असेल तर फ्यूज उडायला हवा, आणि फ्यूज उडत नसेल तर खोका खोटं बोलतोय. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या माणसाने एवढा भागाकार दुकानात उभ्या उभ्या करायला काय हरकत आहे? तुलनेसाठी सांगतो, एचएस१ चा प्रमाणित उजेड अप्परला ८२५ आणि डिपरला ५२५ लुमेन. एच४ चा १६५० आणि १०००. जगभर एवढ्यावर लोक रात्रीच्या गाड्या चालवत आलेत. लुमेन किती यापेक्षा ते कुठे पडतात याला किंमत आहे.

"मग काय अंधारात चालवू? कंपनीची लाईट म्हणजे काजवा!" हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. खरंच आहे ते. गावाकडच्या रस्त्यावर जुन्या बाइकची लाईट अपुरी पडते. पण का पडते ते कुणी बघतं का? काच पिवळी पडलेली असते, रिफ्लेक्टरची चकाकी गेलेली असते, अर्थिंगची वायर गंजलेली असते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. बल्बपर्यंत १० टक्के व्होल्टेज कमी पोचलं तर उजेड जवळजवळ ३० टक्के कमी! हेडलाईट बॅटरीवर चालत असेल तर एक रिले आणि जाड वायर टाकून घ्या. नवा डोम लागला तर तो बदला. बल्ब चांगल्या कंपनीचा, मूळ वॅटचाच घ्या. एवढं करून बघा आणि मग सांगा काजवा आहे का ते.

दुसरा युक्तिवाद दुकानदाराचा. "थोडी खाली वाकवून देतो, मग कुणाला त्रास नाही." पसरलेला उजेड खाली वाकवल्याने पसरायचा थांबत नाही. उलट गाडीच्या पुढ्यात दहा फुटांवर भगभगीत डाग पडतो, त्याला डोळा सरावतो आणि लांबचं अजूनच कमी दिसतं. म्हणजे समोरच्याला त्रास आहेच, वर चालवणाऱ्याचाही तोटा.

मात्र लाईट ॲडजस्ट करणं, तेही मूळ हॅलोजनची, हे काम प्रत्येकाने केलंच पाहिजे. सपाट जागा, समोर भिंत, मधे ५ मीटर अंतर. टायरमध्ये हवा बरोबर. गाडी स्टँडवर नको, वर माणूस बसलेला हवा. हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने मारा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या निदान ५ सेंटीमीटर खाली यायला हवी. म्हणजे एक टक्का उतार. बस्स, पाना आणि दहा मिनिटं.

आणि वजन धरूनच हे करायचं. आमच्याकडे मागे दोन माणसं किंवा दुधाच्या दोन भरलेल्या किटल्या ही नेहमीची गोष्ट. मागचा भाग नुसता ३ सेंटीमीटर बसला तरी सव्वा मीटरच्या व्हीलबेसवर उजेड सव्वादोन-अडीच टक्के वर उचलला जातो. तुमचा एक टक्का उतार गेला आणि जवळजवळ दीड टक्का चढ आला. ४० मीटरवर तो उजेड जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतो. तिथे काय असतं? समोरच्या बाइकवाल्याचे डोळे. साध्या हॅलोजनची ही गत, मग एलईडी कोंबलेल्या गाडीवर ट्रिपल सीट जाणाऱ्यांचं काय सांगावं!

तिसरा युक्तिवाद सगळ्यात लाडका. "समोरचे सगळे लावतात, मग मी एकट्यानंच का सोसायचं?" म्हणजे शेजाऱ्याने स्पीकर लावला म्हणून मी डॉल्बी लावतो. या शर्यतीला शेवट नाही, आणि तिच्यात हरणारे ठरलेले आहेत. ज्यांच्याकडे लाईटच नाही ते, म्हणजे चालणारे आणि सायकलवाले. आणि ज्यांचे डोळे थकलेत ते. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं आणि समोरचा झोत डोळ्यातल्या डोळ्यात पसरतो. आमच्या आप्पांना मोतीबिंदूची सुरुवात आहे. गेल्या वर्षी समोरच्या एका लाईटने डोळे दिपले आणि त्यांची गाडी सरळ चरीत गेली. खरचटण्यावर निभावलं. पण तेव्हापासून दिवस मावळला की त्यांनी गाडीची किल्ली खुंटीला लावलेली असते. संध्याकाळचं भजन सुटलं, वारणेला पाव्हण्यांकडे जाणं सुटलं. एका माणसाची अख्खी संध्याकाळ कुणाच्या तरी हजार-बाराशेच्या बल्बने काढून घेतली. आणि तो भला माणूस कोण, हे त्यालाही माहीत नसणार.

कायद्याचं म्हणाल तर कायदा झोपलेला नाही, आपणच त्याला उठवत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. त्यात स्पष्ट म्हटलंय की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला दिपवेल असा दिवा चालणार नाही. वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आणि प्रत्यक्षात? पीयूसीत धूर तपासतात, लाईट नाही. खासगी दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, तोवर तिचा झोत कुठे पडतो हे बघायची कुणावर सक्ती नाही. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींची हेडलाईट इंजिन चालू असताना सतत पेटलेली असते, म्हणजे हे भगभगीत प्रकरण आता दिवसाही भोगायचं.

मग जगात कुणालाच हे जमलं नाही का? जमलंय. जर्मनीत २०२० मध्ये हॅलोजनच्या जागी लावायच्या एलईडी बल्बला पहिल्यांदा परवानगी मिळाली. पण कशी? चाचणी घेऊन, आणि कुठल्या मॉडेलच्या कुठल्या हेडलाईटमध्ये तो चालेल याच्या यादीसह. यादीत नसलेल्या गाडीत बसवला तर बेकायदा. याला म्हणतात टेक्नॉलॉजी. आपल्याकडे "युनिव्हर्सल फिटिंग" लिहिलेला खोका येतो आणि आपण त्याला पाच स्टार देतो. पाच स्टार देणारे सगळे बल्बच्या मागच्या बाजूला बसलेले असतात. पुढच्या बाजूच्या माणसाला कुणी रिव्ह्यू विचारत नाही.

तेव्हा मंडळी, येत्या रविवारी एक करा. बाइकमध्ये तो बल्ब असेल तर काढा आणि मूळचा बसवा. नसेल तर भिंत शोधा, खडू घ्या. मग मित्राला गाडीवर बसवून तुम्ही स्वतः ४० मीटर पुढे जाऊन रस्त्यात उभे राहा आणि त्याला म्हणा, डिपर मार. डोळे मिटावे लागले नाहीत तर माझ्याशी खुशाल वाद घाला. चहा माझ्याकडून.