कुंडीतला पिवळा पट्टा

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या एका रुग्णाने रक्तदाब तपासून झाल्यावर पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक लांबलचक पान काढले आणि टेबलावर ठेवले. पान स्नेक प्लांटचे होते. काही घरांत थट्टेने ‘सासूची जीभ’ म्हणतात, ते झाड. गडद हिरव्या पानावर फिकट हिरव्या आडव्या लाटा असणे नेहमीचेच. या पानावर मात्र मध्यापासून थोडा उजवीकडे, बुडापासून टोकापर्यंत, बोटभर रुंदीचा एक पिवळा पट्टा होता.

“डॉक्टर, हा रोग आहे का?” त्यांनी विचारले.

काका तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. कारखान्यात लेथवर आयुष्य गेलेले. काकूंना पक्षाघात होऊन दोन वर्षे झाली होती. उजवी बाजू लुळी आणि वाचा जवळजवळ गेलेली. मुलगी परगावी, दिवसा चार तास एक मदतनीस बाई, उरलेले वीस तास काका. आपले वाचक जाणतात की शुश्रूषा करणाऱ्याच्या दिवसात स्वतःचे असे फारसे काही उरत नाही. औषधे, कूस बदलणे, भरवणे आणि पुन्हा औषधे. त्या दिवशी मला पानापेक्षा काकांचा चेहरा अधिक बोलका वाटला. कित्येक महिन्यांनी ते काकूंखेरीज दुसऱ्या कशाविषयी तरी प्रश्न विचारत होते.

रोग नव्हता. वनस्पतीच्या शेंड्याशी ज्या कोवळ्या पेशी सतत विभागत असतात, त्या कांद्याच्या पाकळ्यांसारख्या थरांत मांडलेल्या असतात. त्यांपैकी एखाद्या पेशीत जनुकीय बदल होतो आणि तिला हरितद्रव्य बनवता येत नाही. तिच्यापासून पुढे निर्माण होणाऱ्या सगळ्या पेशीही तशाच. एकाच पानात मग दोन वंशांच्या पेशी शेजारी शेजारी नांदतात. शास्त्रात अशा जीवाला कायमेरा म्हणतात. माणसातही हे घडते. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचे रोपण झालेल्या रुग्णाच्या अंगात दात्याच्या वंशाचे रक्त वाहत असते. उतारवयात तर रोपणाचीही गरज लागत नाही. सत्तरी ओलांडलेल्या दर दहा जणांपैकी निदान एकाच्या रक्तात एका बदललेल्या मूळ पेशीची मोठी प्रजा आढळते. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींत हृदयविकाराचा आणि रक्ताच्या विकारांचा धोका थोडा वाढतो. काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी आपल्या हाताची पाठ निरखून पाहिली. “म्हणजे आम्हीही पट्ट्याचेच,” ते म्हणाले.

शोभेच्या वनस्पतींचे कितीतरी वाण अशाच अपघातांतून आलेले आहेत. हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. पिवळ्या कडेचा जो वाण आज प्रत्येक रोपवाटिकेत दिसतो तो ‘लॉरेंटी’. काँगोत काम केलेल्या एमिल लॉराँ या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ते नाव पडले. १९३९ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या एका रोपवाटिकेत उंच झाडांमध्ये एक वीतभर उंचीचे, पक्ष्याच्या घरट्यासारखे झाड कोणाच्या तरी नजरेस पडले. त्याचे १९४१ मध्ये ‘हानी’ या नावाने पेटंट झाले आणि पुढे त्यातूनच सोनेरी कडेचा ‘गोल्डन हानी’ निघाला. यांपैकी कोणताही वाण कोणी प्रयोगशाळेत आखून घडवलेला नाही. झाडात बदल झाला, तो कोणाला तरी दिसला आणि त्या माणसाने तो टिकवला. यातली तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

येथे माझी चूक सांगणे भाग आहे. स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे लावले की त्यांना मुळे फुटतात, एवढे मला माहीत होते. पान कापलेलेच आहे तर तुकडे करून लावा, असा सल्ला मी डॉक्टरी आत्मविश्वासाने देऊन टाकला. काकांनी तो औषधाच्या चिठ्ठीसारखा पाळला. पट्ट्यासकट आठ तुकडे केले, सुरी स्पिरिटने पुसली, तुकडे तीन दिवस सावलीत सुकू दिले, बुडाची बाजू खालीच राहील याची खूण केली आणि वाळूमिश्रित मातीत लावले. सात महिन्यांनी सहा तुकड्यांच्या बुडाशी कोंब आले. सहाही कोंब निव्वळ हिरवे होते.

कारण साधे आहे, पण ते मी नंतर वाचले. तुकड्याला फुटणारा नवा कोंब कापलेल्या जागेच्या मोजक्या पेशींपासून नव्याने तयार होतो. थरांची मूळ मांडणी त्यात उतरत नाही. ‘लॉरेंटी’चेही हेच होते, त्याच्या पानाच्या तुकड्यांतून येणारी रोपे पिवळी कड हरवून बसतात. पट्टा हवा असेल तर जमिनीखालच्या आडव्या खोडाला जे पिल्लू सुटते तेच वेगळे करावे लागते, कारण त्याच्या डोळ्यात सगळे थर जसेच्या तसे असतात. काकांना हे सांगताना मला संकोच वाटला. सात महिने ते रोज सकाळी काकूंना चहा पाजून झाल्यावर त्या आठ तुकड्यांपाशी जात होते. ते इतकेच म्हणाले, “आई अजून आहे ना कुंडीत.”

मूळ झाड खरोखरच कुंडीत होते. पण खोडाची एकच बाजू बदललेली असावी. त्या बाजूने सुटलेल्या पिल्लातच पट्टा येणार, तोही कमीजास्त. त्यातले ठळक पट्ट्याचे निवडायचे, त्याला पिल्लू सुटेपर्यंत थांबायचे आणि मग पुन्हा निवडायचे. आपल्या हवेत एका पिढीला साधारण वर्ष लागते. हिरवी पिल्ले जोमदार असतात. वेळीच काढली नाहीत तर तीच कुंडी व्यापतात. काकांनी लेथवरच्या माणसाच्या शिस्तीने वही घातली: तारीख, पिल्लू क्रमांक, पट्ट्याची रुंदी मिलिमीटरमध्ये.

कुंड्यांच्या निमित्ताने नेहमीचे प्रश्न आलेच, कारण काकांच्या मुलीने फोनवर सांगितले होते की हे झाड रात्री प्राणवायू सोडते, तेव्हा ते आईच्या उशाशी ठेवा. हे खरे नाही. हे झाड रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते खरे, पण प्राणवायू तयार होतो तो उजेडातच. हवा शुद्ध करण्याची कीर्तीही अशीच फुगलेली आहे. ‘नासा’चा १९८९ चा गाजलेला अभ्यास बंद पेट्यांत झाला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा प्रयोगांची आकडेवारी खऱ्या घरांच्या मापाने पुन्हा मांडली. उघड्या खिडकीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहा ते एक हजार कुंड्या लागतील, असे त्यात दिसले. दमेकऱ्याच्या खोलीत खिडकी उघडा. झाड हवे असेल तर ते आवडते म्हणून ठेवा, पान कोणी चावणार नाही अशा जागी. त्यातील सॅपोनिनमुळे तोंडाची आग, मळमळ, उलट्या होतात. रांगणारे नातवंड, पाळलेले मांजर आणि स्मृतिभ्रंश झालेली वडीलधारी व्यक्ती, या तिघांची सारखीच काळजी घ्यावी. कुंडीखालची बशी आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासावी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

दुसऱ्या वर्षी काकांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकत चालला होता. नेत्रतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया सुचवली. त्यानंतर काही आठवडे मातीत हात घालायचा नाही, वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, हे ऐकताच काकांनी ती पुढे ढकलली. पावसाळ्याच्या तोंडाला पिल्ले वेगळी करायची होती. मग दिवाळी आली, मग मदतनीस बाई गावी गेली. मी दर भेटीत आठवण करत होतो आणि ते दर भेटीत वही दाखवत होते. खरे सांगायचे तर वही पाहण्यात मीही रमत होतो. जेवढा आग्रह धरायला हवा होता तेवढा धरला नाही.

अकराव्या महिन्यात एका संध्याकाळी गॅलरीचा उंबरा दिसला नाही आणि काका पडले. डावे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. उतारवयात पडण्याची कारणे आम्ही रुग्णाच्या गुडघ्यांत आणि रक्तदाबाच्या गोळ्यांत शोधतो. डोळे बरेचदा विसरतो. पण काकांच्या घरात खरा प्रश्न मनगटाचा नव्हताच. एका हाताने काकूंची कूस कोण बदलणार? मुलगी रजा काढून आली, ती संपल्यावर रात्रीची बाई ठेवावी लागली, आणि तीन आठवड्यांत काकूंच्या माकडहाडापाशी लाली दिसू लागली. दाबव्रणाची ती पहिली पायरी. ती तिथेच आटोक्यात आली, हे नशीब. शुश्रूषा करणारा पडला की दोन माणसे पडतात, हे मी वैद्यकीय भाषेत अनेकदा सांगितले आहे; त्या घरात ते समोर पाहिले. झाडाला वर्षभर थांबता आले असते, काकूंना नाही, असे मी त्या वेळी जरा कठोरपणेच बोललो. त्या बोलण्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच होता.

प्लास्टर निघाल्यावर महिन्याभरात उजव्या डोळ्याची आणि पुढे डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्याच्या तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. आवाज बदललेला होता.

“डॉक्टर, पट्टा पिवळा नाहीच. पांढरा आहे.”

मोतीबिंदूचे भिंग पिवळसर, तपकिरी होत जाते आणि जग त्यातून गाळून दिसते. पांढऱ्यावर पिवळी झाक चढते, निळा मंदावतो. हे इतके सावकाश होते की माणसाला कळत नाही. काकांनी दोन वर्षे वहीत ‘पिवळा’ लिहिले होते. मी? मी त्या पहिल्या पानाकडे पाहिले ते दवाखान्याच्या पिवळ्या दिव्याखाली, आणि काकांनी म्हटले म्हणून. त्यानंतर रंगाकडे लक्षच दिले नाही.

पांढरा म्हटल्यावर हिशेब बदलला. आपल्याकडे २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याप्रमाणे नवा वाण नोंदवायचा तर तो माहितीतल्या वाणांहून वेगळा, सर्व रोपांत एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर असावा लागतो. शिवाय केंद्राने अधिसूचित केलेल्या वनस्पतींचीच नोंदणी होते. पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा ‘बँटेल्स सेन्सेशन’ हा वाण जुनाच आहे. काकांनी तो एका रोपवाटिकेतून मागवला आणि शेजारी ठेवला. त्याची पाने अरुंद, पट्टे अनेक. काकांच्या झाडाचे पान रुंद आणि पट्टा एकच, मध्यापासून सरकलेला. वेगळेपणाला आशा आहे, स्थिरतेला अजून नाही. तिसऱ्या पिढीच्या सात पिल्लांपैकी तिघांत पट्टा पूर्ण उतरला, दोघांत तुटक आला आणि एक पिल्लू हिरवे निघाले, ते काढून टाकले. नावाचा विषय मी काढला तेव्हा काकांनी खोलीकडे पाहिले आणि म्हणाले, “ते ती ठरवेल.” काकूंना आता ‘हो’, ‘बास’ आणि काकांचे नाव, एवढे तीन शब्द येतात. काका वहीतल्या नावांवरून बोट फिरवतात. काकू अजून कशालाच ‘हो’ म्हणालेल्या नाहीत. दोन नावांना ‘बास’ म्हणाल्या.

काकांचे वेळापत्रकही आता बदलले आहे. कुंड्या चाकांच्या पाटावर आहेत, काम स्टुलावर बसून, दिवसाउजेडी आणि मदतनीस बाई घरात असतानाच. गॅलरीच्या उंबऱ्यावर पांढऱ्या रंगाची पट्टी मारली आहे.

सातवे पिल्लू सांगायचे राहिले. ते पूर्ण पांढरे आहे, हिरवा ठिपकाही नाही. अशा पिल्लाला स्वतःचे अन्न करता येत नाही. आईपासून तोडले की पुढे मरते आणि तोडले नाही तर आईचा जोर खाते. ते काढून टाकावे, असे मी गेल्या महिन्यात सुचवले. काकांनी बशीतले पाणी ओतून दिले, कुंडी उजेडाकडे फिरवली आणि म्हणाले, “राहू दे.”