एका घोटात किती कॅफिन?

अमेरिकेहून आलेल्या भाच्यानं ‘एनर्जी शॉट’ची बाटली हातात ठेवली. ५७ मिली, कफ सिरपच्या बाटलीहून लहान. संध्याकाळी पाचला एका घोटात संपवली. चव आंबट-औषधी. काम भराभर उरकलं हे खरं, पण रात्री दोनपर्यंत डोळा लागला नाही. मग बाटली वाचली : कॅफिन २०० मिलिग्रॅम.

आता हिशेब बघा. आपल्याकडे एफएसएसएआयच्या नियमानुसार कॅफिनयुक्त पेयात लिटरमागे जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम चालतं आणि ‘दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त नको’ असं लेबलवर लिहावं लागतं. म्हणजे दिवसभरात फार तर १५०. हा शॉट ते एका घोटात ओलांडतो! निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं, असं अमेरिकेची एफडीए म्हणते; त्यामुळे एका बाटलीनं मोठं माणूस आजारी पडेल असं नाही. पण वर दुसरी घेतली, शिवाय दोन-चार चहा झाले, तर?

खरी काळजी पोरांची. शाळांच्या ५०० मीटर परिसरात जास्त कॅफिनच्या पेयांवर बंदी घालणार, असं महाराष्ट्राच्या मंत्र्यांनी जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितलं. पण कागलहून कोगनोळी नाका ओलांडून निपाणीला यायला कितीसा वेळ लागतो? राज्याचा आदेश नाक्यावर थांबतो, केंद्राचा नियम मात्र दोन्हीकडे एकच. ‘मुलांसाठी नाही’ ही त्यातलीच सूचना, कॅनवर छापलेली असतेच, पण बारीक अक्षरात आणि बहुधा इंग्रजीत. ती आधी मराठीत आणि कन्नडमध्ये, ठळक छापायला लावा.