युद्धाने धंदा वाढतो का? उलाढाल आणि कमाई यातला फरक ओळखा



जगात कुठेही युद्ध पेटलं की आठ दिवसांत एक वाक्य कानावर येतंच. चहाच्या टपरीवर येतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं, आपल्या बॅचमध्येही येतं. "सर, युद्ध म्हणजे शेवटी धंदाच. कारखाने चालतात, ऑर्डरी निघतात, मंदी पळते. भांडवलशाहीला युद्ध लागतंच."

यातलं अर्धं खरं आहे. आणि धंद्यात पूर्ण खोट्यापेक्षा अर्ध्या खऱ्यानेच माणूस जास्त बुडतो. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. युद्धाने उलाढाल वाढते, संपत्ती घटते. काहींचा खिसा नक्की भरतो, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून भरतो.

आधी दुकानाचा हिशोब

समजा, तुमच्या दुकानाची काच फुटली. काचवाला आला, नवी काच बसवून ८ हजार घेऊन गेला. त्याचा धंदा झाला. मग काच फुटली हे चांगलं झालं का?

फ्रेंच अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक बास्तिया याने १८५० मध्ये हेच उदाहरण घेऊन उत्तर दिलं होतं. काचवाल्याची कमाई सगळ्यांना दिसते. पण त्याच ८ हजारांत तुम्ही नवीन रॅक घेणार होतात, ती न झालेली विक्री कुणालाच दिसत नाही. काच फुटली नसती तर तुमच्याकडे काच आणि रॅक दोन्ही असतं. आता फक्त काच आहे, जी कालही होतीच.

देशाच्या जीडीपीचंही तसंच आहे. रणगाडा बनवला, जीडीपीत धरला. पडलेला पूल पुन्हा बांधला, तोही धरला. पण पूल पडला म्हणून त्यातून काही वजा होत नाही. म्हणजे जीडीपी हा टर्नओव्हर आहे. तुम्ही कर्जाला गेलात की बँक मॅनेजर नुसता टर्नओव्हर बघतो का? ताळेबंद मागतो. देशालाही ताळेबंदच मागायचा.

"पण अमेरिका तर युद्धानेच वर आली ना?"

हा प्रश्न रास्त आहे, टाळायचा नाही. १९४० मध्ये अमेरिकेत बेकारी १४-१५ टक्के होती, १९४४ मध्ये ती सव्वा टक्क्याच्या आसपास आली. मंदीत बंद पडलेले कारखाने आणि रिकामे हात कामाला लागले, हे खरंच आहे.

पण पुढचंही बघा. बेकारी कमी झाली त्यात सव्वा कोटीच्या आसपास माणसं थेट सैन्यात होती. फेब्रुवारी १९४२ नंतर युद्ध संपेपर्यंत सामान्य ग्राहकासाठी मोटारी बनवणं जवळजवळ बंद होतं. साखर, पेट्रोल, बूट, सगळं रेशनवर. हातात पगार होता, पण घ्यायला माल नव्हता. रिकामे हात कामाला लावायला सरकारचा पैसा लागतो, बॉम्ब लागत नाही. तोच पैसा रस्त्यावर आणि धरणावर खर्च केला असता तरी हात कामाला लागले असते, आणि वर रस्ता शिल्लक राहिला असता.

आणि अमेरिकेची मुख्य भूमी युद्धापासून लांब होती, तिचे कारखाने शाबूत राहिले. ब्रिटनकडे बघा. युद्ध जिंकलं, पण युद्धात कधी रेशनवर नसलेला पाव १९४६ मध्ये रेशनवर आला. रेशनिंग पूर्ण संपायला १९५४ उजाडलं. अमेरिकेकडून घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेला तो २००६ च्या डिसेंबरअखेर. म्हणजे जिंकणाऱ्याचं कर्ज फिटायला युद्धानंतर साठेक वर्षं लागली. आणि जी माणसं परत आलीच नाहीत, ती कुठल्या रकान्यात लिहिणार?

आपल्या मुंबईत काय झालं होतं?

युद्ध दुसऱ्याचं आणि फायदा आपला, असंही होतं. आपल्याकडे झालेलं आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. त्यांना भारताचा कापूस हवा होता, आणि तो मुंबई बंदरातून जायचा. भाव कडाडले, मुंबईत पैशाचा पूर आला.

मग रोज नवी बँक, नवी फायनान्स कंपनी, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या नव्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशनच्या शेअरचा भाव मूळ किमतीच्या कित्येक पट गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला. सगळ्यांनी धरून चालवलं की हा भाव आता असाच राहणार.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ही वायद्याचे सौदे पुरे करायची तारीख होती, त्या दिवशी पैसे द्यायला अनेकांकडे काहीच नव्हतं. पेढ्या बुडाल्या, कंपन्या बुडाल्या, खुद्द बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली.

झळ मुंबईपुरती राहिली नाही. तेजीत सावकारांनी शेतकऱ्याला सढळ हाताने उधारी दिली होती, मंदीत हात आखडला. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर चालून गेले. पुणे-नगर भागात गावोगावी हिशोबाच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले. चार वर्षांच्या तेजीचं बिल दहा वर्षांनी भलत्याच माणसाच्या दारात आलं.

आता आपला काउंटर

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं. आपलं आयातीचं सूर्यफूल तेल बहुतेक युक्रेन आणि रशियातूनच यायचं. माझ्या किराणा दुकानात तेव्हा डब्याचा भाव विचारायला लोक रोज फोन करायचे. ज्याच्याकडे जुना स्टॉक होता त्याने पैसे कमावले. पण ते आले कुठून? वडापाववाल्याकडून, मेसवाल्या ताईंकडून, घराघरातून. त्यात त्या मे महिन्यात १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर २,३०० रुपयांच्या वर गेला. वडापावचा दर दोन रुपयांनी वाढवला तरी गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. तो तोटा कुठल्याच बातमीत येत नाही.

तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले तेव्हा २०२४ च्या सुरुवातीला नाशिकची द्राक्षं युरोपला आफ्रिकेला वळसा घालून न्यावी लागली. दिवस वाढले, भाडं वाढलं, नाशवंत मालाचा धोका वाढला.

म्हणून "भांडवलशाहीला युद्ध लागतं" हे मला पटत नाही. शस्त्रं बनवणाऱ्यांना ते फायद्याचं असतं, आणि त्यांचा आवाज मोठा असतो. स्वतः जनरल राहिलेले अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीच १९६१ मध्ये पद सोडताना या साटेलोट्याबद्दल इशारा दिला होता. त्यांचा नफा खाजगी असतो, खर्च मात्र तुम्हा-आम्हा सगळ्यांच्या कराचा आणि महागाईचा. बाकीचा धंदा चालतो तो माल वेळेवर येईल, उधारी परत मिळेल, पुढच्या वर्षीही गिऱ्हाईक येईल या भरवशावर. युद्ध आधी तो भरवसाच मोडतं.

मग तुम्ही काय करायचं?

अचानक आलेली मागणी घ्या, सोडू नका. पण तिच्या जिवावर दुसरा गाळा, मोठं मशीन किंवा पाच वर्षांचं कर्ज घेऊ नका. जादा शिफ्ट चालवा, मशीन भाड्याने घ्या. तेजीतला जादा नफा वेगळ्या खात्यात टाका. तेजीत उधारी वाढवू नका. आणि एकाच देशातून, एकाच सप्लायरकडून येणारा माल असेल तर दुसरा सप्लायर आजच शोधून ठेवा, युद्ध सुरू झाल्यावर तो तुमचा फोन उचलणार नाही.

या आठवड्याचं काम: तुमच्या पहिल्या पाच मालांची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा, हा मुळात येतो कुठून. दोन माल तरी असे निघतील की उत्तर तुम्हाला माहीतच नाही. तिथूनच सुरुवात करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.